सायलसने न विचारता लावलेली आग

सायलसला बायकोचा हेवा वाटायला लागला तेव्हा तो साठीला टेकला होता आणि लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. या वयात माणसानं नातवंडांना गोष्टी सांगाव्यात, भरती उतरली की चिंबोऱ्या पकडाव्यात, दुपारी सावलीत घोरावं. पण त्याच्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच. बरं, एनिड काही कुणाचा हात धरून पळून चालली नव्हती. ती रोज सकाळी रानात चालली होती, त्याच्या जागी, आणि संध्याकाळी परत येत होती. तेवढंच तिचं चुकलं.

सायलस म्हणजे आमच्या द्वीपकल्पावरचा बांटेंगचा वाटाड्या. बांटेंग म्हणजे रानगुरं. गव्याच्या जातीची, पण अंगानं हलकी. पायांत पांढरे मोजे, मागे पांढरा गोल, गायी तांबूस आणि बैल म्हातारा झाला की काळा ठिक्कर. पणजोबांच्याही आधीच्या काळात गोऱ्या शिपायांनी ती बाली बेटावरून जहाजात घालून आणली आणि तळ मोडून जाताना इथंच सोडली. शिपाई गेले, जनावरं राहिली, वाढली, रानाची झाली. आता त्यांच्यासाठी कुठून कुठून शिकारी येतात. छोट्या विमानातून मातीच्या धावपट्टीवर उतरतात, नोएलच्या कॅम्पात आठवडाभर राहतात आणि वाटाड्याच्या मागून चालतात. नोएल कॅम्पाचा मालक, गोरा, तोंडाचा फटकळ पण मनाचा बरा.

वाटाड्याचं काम ऐकायला सोपं आहे. पुढे चालायचं. माग काढायचा. जुन्या मोज्यात राख भरून ठेवलेली असते, तो झटकून वारा कुठला ते बघायचं. पाहुण्याला बैलापासून ऐंशी पावलांवर आणायचं, तीन पायांची काठी रोवून त्यावर त्याची बंदूक टेकवायची आणि खांद्याला हात लावायचा. हात लागल्याशिवाय पाहुण्यानं चाप ओढायचा नाही. हे सायलसनं तीस वर्षं केलं. त्याच्या टोपीवर देशोदेशीच्या पाहुण्यांनी दिलेले बिल्ले होते, इतके की टोपी एका बाजूला कलायची. ती तशीच कललेली त्याला आवडायची.

पाहुण्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. बैल पडला, फोटो झाले, पाणी प्यायलं, की ते विचारायचे, "सायलस, हा इथंच असेल हे तुला कसं कळलं?" त्यावर सायलस टोपी पुढे ओढायचा आणि झाडांच्या शेंड्यांकडे बघत राहायचा. एक शब्द बोलायचा नाही. पाहुणे भारावून जायचे. दोघा-तिघांनी तर वहीत काहीतरी लिहूनसुद्धा घेतलं, न बोललेलं.

आता एनिडचं. हे सगळं रान एनिडच्या बापाचं. पूर्वेच्या खाडीपासून पश्चिमेच्या पाणथळीपर्यंत. तो वारला तेव्हापासून त्याचं नाव कुणी घेत नाही, सगळे नुसतं 'म्हातारा' म्हणतात. त्याच्या जमिनीसाठी बोलणारी एनिड एकटीच उरली होती. सायलस समोरच्या बेटावरचा, लग्न करून इकडे आलेला. म्हणजे तीस वर्षं पुढे चालला तरी चालला तो बायकोच्या रानात. पाहुणा आला की पहिल्या सकाळी एनिडसमोर उभा राहायचा. ती आपल्या काखेतला घाम तळहातावर घेऊन त्याच्या कपाळाला, दंडांना लावायची आणि झाडांकडे तोंड करून म्हाताऱ्याला मोठ्यानं हाक मारायची. हा अमका, लांबून आलाय, आता याला माझा वास आहे, याला भुलवू नकोस, याला काही चावू देऊ नकोस. मग हात धुऊन स्वयंपाकाला लागायची, कारण कॅम्पाची स्वयंपाकीणही तीच होती. आणि सायलस पाहुण्याला घेऊन निघायचा.

आग लावायची तरी तिला विचारूनच. गवत वाळलं की रानाचा एखादा तुकडा जाळतात. काही दिवसांत तिथं लुसलुशीत हिरवं फुटतं आणि दाट झाडीत दडून बसलेले बैल त्यासाठी उघड्यावर येतात. पण त्या जमिनीवर काडी ओढायची ती जमीनवाल्याला विचारून. न विचारता लावलेली आग म्हणजे आमच्याकडे कुणाच्या घरात शिरून चूल पेटवण्यासारखं. सायलस दरवर्षी विचारायचा, "एनिड, पूर्वेचा तुकडा लावू का?" एनिड आभाळाकडे बघायची, गवताची काडी मोडून बघायची आणि म्हणायची, "चार दिवसांनी."

दुपारी ती बायकांबरोबर फिरायची. रानकंद खणायचे, टोपल्यांसाठी केवड्याची पानं तोडायची, खाडीत गळ टाकायचा. संध्याकाळी परत आली की चहा पिता पिता काय काय बोलत राहायची. अमकीची सून अशी म्हणाली, तमक्या झाडावर मध आहे. मध्येच म्हणायची, "तो वाकड्या शिंगाचा पाणथळीपाशी बसलाय रे. कालपासून हललेला नाही."

"हं," सायलस म्हणायचा.

आणि सकाळी पाहुण्याला घेऊन पाणथळीकडे जायचा. यात काही विशेष आहे असं दोघांनाही वाटलं नाही. नवरा-बायको बोलतात तसं ते बोलणं होतं.

मग सायलसचा उजवा गुडघा गेला. डार्विन शहरातल्या दवाखान्यात त्यात लोखंड बसवलं आणि दोन महिने तिथंच ठेवून घेतलं. इकडे ऐन मोसम. पाहुणे येऊन बसलेले, वाटाड्या नाही. नोएल डोक्याला हात लावून बसला होता तेव्हा एनिड कणीक मळता मळता म्हणाली, "मी नेते."

नोएल हसला. दुसऱ्या दिवशी हसायचा थांबला, कारण दुसरा माणूसच नव्हता. दोन महिन्यांत सहा पाहुणे गेले आणि सहा बैल आले. पाहुणे तर तिच्यावर लट्टू. बाई घाई करत नाही म्हणे. एका जागी बसवते, तासन् तास, कसला तरी कंद चघळायला देते, आणि मग समोरून बैल चालत येतो.

सायलस काठी टेकत विमानातून उतरला तो आधी कॅम्पाच्या जेवणघरात गेला. तिथं भिंतीवर फोटो लावलेले असतात. बहुतेक त्याचेच. त्यांच्या मधोमध एक नवा फोटो होता. काळा प्रचंड बैल आणि त्याच्यामागे पिठाचे हात लागलेला एप्रन घालून एनिड. निदान एप्रन तरी काढायचा होता.

"मोठा आहे," तो म्हणाला.

"आहे ना," एनिड म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

"या फोटोसाठी माझा कुठला काढला?"

"काढला नाही. बाजूला सरकवलाय. तो बघ, फ्रीजच्या मागे."

सायलस त्या दिवशी जेवला नाही. विमानात मळमळत होतं म्हणाला.

नोएलनं त्याला एक पाहुणा दिला. सायलस तीन दिवस त्याला घेऊन फिरला. जिथं बैल असायचे तिथं नव्हते. नेहमीच्या झऱ्यावर फक्त गायी, पाणथळीवर डुकरं. वारा फिरतोय, सायलसनं पाहुण्याला सांगितलं. गुडघा आवाज करतोय, नोएलला सांगितलं. संध्याकाळी एनिड दमून यायची, तिचा दुसरा पाहुणा असायचा; ती पाय बादलीत सोडून डोळे मिटून बसायची. तिनं काही सांगितलं नाही, यानं काही विचारलं नाही. बायकोला विचारायचं, बैल कुठाय म्हणून? तीस वर्षांनी? त्यापेक्षा त्यानं दुसरा गुडघा कापून दिला असता.

चौथ्या दिवशी नोएल म्हणाला, "म्हातारबा, थोडे दिवस तू स्वयंपाकघर बघ. गुडघ्याला आराम."

अशी अदलाबदल झाली. सायलस राखेत जाड भाकरी भाजायला लागला आणि एनिड त्याच्या वाटेनं पुढे चालायला लागली. एकदा त्यानं तिचा राखेचा मोजा सरपणाखाली लपवून ठेवला. तिनं दुसरा भरला. पाहुणे तिच्या बोलण्याला किती वेळा हसतात ते तो भांडी घासता घासता मोजायचा. एका पाहुण्यानं तिला बिल्ला दिला. तिनं तो टोपीला लावला असता तर एक वेळ त्यानं सहन केलं असतं. तिनं तो कंद ठेवायच्या पिशवीला लावला, फाटलं होतं तिथं. त्यामुळे त्याचा तिळपापड झाला. म्हणजे जे त्यानं तीस वर्षं डोक्यावर मिरवलं त्यानं ही भोक बुजवते!

"कालवणात मीठ फार झालंय," एनिड म्हणायची.

"मग करून बघ. करत होतीस की."

"मला रानात जायचं असतं."

"माहीत आहे. सगळ्या द्वीपकल्पाला माहीत आहे."

एनिड कालवणात पाणी ओतून जेवायची.

तशात गेबहार्टचा निरोप आला. गेबहार्ट ऑस्ट्रियाचा, डोंगरातल्या गावचा सुतार. बारा वर्षं येत होता, आणि बाराही वर्षं सायलसबरोबरच. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी रानात बसले की एकमेकांच्या तंबाखूवर दिवस काढायचे. सायलसला मित्र म्हणावा असा तो एकच. नोएलनं निरोप वाचला: वय झालं, डॉक्टर आता विमानात बसू देणार नाहीत, हे शेवटचं येणं. एक म्हातारा बैल मिळाला तर बरं. आणि या वेळी एनिडबाईंबरोबर जायची इच्छा आहे, त्यांचं फार ऐकलंय.

"तुझा गुडघा म्हणून असेल," नोएल म्हणाला.

"असेल," सायलस म्हणाला आणि पिठाचं पोतं उचलायला वाकला. उचललं नाही. वाकूनच राहिला.

बाकी सगळे पाहुणे तिनं घ्यावेत. फोटो घ्यावा, भिंत घ्यावी. पण गेबहार्ट! त्याच्या पुढे शेवटचं कोण चालणार, एवढंच सायलसला आता उरलं होतं. ते तिला द्यायला तो तयार नव्हता.

गेबहार्ट यायला तीन आठवडे होते. एनिडनं पूर्वेचा तुकडा जाळला, खाडीच्या अंगाचा, कारण तिथं चढ नाही, वाट सोपी, आणि गेबहार्टचं हृदय नाजूक. तिचा विचार बरोबर होता. त्याच्या तीन दिवसांनी सायलस चिंबोऱ्या पकडायला जातो म्हणून निघाला, खाडीकडे वळण्याऐवजी पश्चिमेला वळला, दोन तास काठी टेकत चालला आणि पाणथळीच्या काठी, कागदी सालीच्या झाडांपलीकडे, काडी ओढली. एनिडला न विचारता. तिच्या बापाच्या जमिनीवर. पाणथळीकाठची जमीन ओली असते. तिथलं हिरवं पूर्वेपेक्षा आधी फुटणार आणि जास्त गोड असणार, हे त्याला माहीत होतं.

तो परत आला तेव्हा एनिड कॅम्पाबाहेर उभी राहून धुराकडे बघत होती. असा धूर दिवसभराच्या वाटेवरून दिसतो.

"कुणी लावली?" तिनं विचारलं.

"घार असेल," सायलस म्हणाला. "पेटती काडी उचलून नेतात ना घारी. तुझ्या पूर्वेच्या आगीतली नेली असेल."

घारी नेतात हे खरं आहे. आमच्याकडे सगळ्यांनी बघितलंय. पण पूर्वेची आग विझून दोन दिवस झाले होते.

"चिंबोऱ्या मिळाल्या?" एनिडनं विचारलं.

"नाही मिळाल्या."

"हं," एनिड म्हणाली.

बारा दिवसांनी तो पुन्हा जाऊन बघून आला. काळ्या जमिनीवर वीतभर हिरवं होतं आणि हिरव्यात फाटक्या खुराचा उभा होता. हा पलीकडच्या दाट रानातला जुना बैल, मान कमरेएवढी, दोन शिंगांमधली कातडी दगडासारखी. एवढा म्हातारा बांटेंग सायलसनं आयुष्यात चार-पाच वेळा पाहिला असेल. तो झाडामागे बसला आणि त्याला आनंदाचं रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. त्यानं मनात सगळं रचलं. एनिड गेबहार्टला पूर्वेला बसवणार. चार दिवस गायी दाखवणार. पाचव्या दिवशी गेबहार्ट त्याच्याकडे येणार आणि म्हणणार, सायलस, आता तूच. मग तो टोपी घालणार.

गेबहार्ट उतरला. फार वाळला होता. त्यानं सायलसला मिठी मारली, गुडघ्याला हात लावून बघितलं, दोघं हसले. मग तो लाजल्यासारखा म्हणाला, "एनिडबरोबर जातोय मी. तुला चालेल ना?"

"न चालायला काय झालं," सायलस म्हणाला. दाताखाली खडा आल्यासारखं त्याला झालं.

पहिल्या सकाळी एनिडनं गेबहार्टच्या कपाळाला घाम लावला, म्हाताऱ्याला हाक मारली. बारा वर्षं लावलेला असूनही पुन्हा लावला आणि या वेळी जरा जास्तच बोलली. मग दोघं पूर्वेला गेली. सायलस भाकरीचं पीठ मळत त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. एनिड हळू चालत होती, गेबहार्टच्या श्वासाच्या बेतानं.

पहिल्या दिवशी गायी. दुसऱ्या दिवशी गायी आणि एक पोरगेला बैल. तिसऱ्या दिवशी नुसता वारा. सायलसनं चहा वाढला, जास्त साखर घालून. त्याचं मन इतकं खूश होतं की भाकरीसुद्धा जमली. चौथ्या दिवशी त्यानं गेबहार्टजवळ बसून मुद्दाम विचारलं, "काय, दिसला का काही?"

"नाही रे," गेबहार्ट म्हणाला. "पण बरं वाटतं. एनिडबरोबर बसायला बरं वाटतं. ती मला झाडांची नावं सांगते. तू कधी सांगितली नाहीस."

सायलसनं त्याचा रिकामा कप उचलला आणि धुवायला नेला. तो बराच वेळ तो एकच कप धूत होता. गेबहार्ट त्याच्याकडे येणार नव्हता. बैल मिळाला नाही तरी येणार नव्हता. त्याला बैलाविनासुद्धा एनिड पुरत होती.

पाचवा दिवसही कोरडाच गेला. विमान परवा सकाळी यायचं होतं. ऊन उतरत असताना गेबहार्ट खुर्चीत बसला होता आणि त्याच्या हातातला कप बशीवर खडखड वाजत होता. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, तरी वाजत होता. चेहरा राखेच्या रंगाचा. आणि तरी नोएलला सांगत होता की काही हरकत नाही, सगळ्यांना सगळं मिळत नाही.

सायलसनं हिशेब केला. आपण न्यावं, तर पाणथळीची दोन तासांची वाट, त्यात चिखल. त्याचा एक पाय, गेबहार्टचं ते हृदय. कोण कुणाला उचलणार? त्याला नेणं सायलसला जमणारं नव्हतं, आणि हे त्याला आग लावली तेव्हाही माहीत होतं. एनिडला जमेल. पण एनिडला सांगायचं म्हणजे आग कुणी लावली तेही सांगायचं. गप्प बसलं तर ती हरेल. गेबहार्टही हरेल, आणि जाऊन मरेल. भाकरी जळल्याचा वास आला. त्यानं ती निखाऱ्यांतून काढली नाही.

एनिड मागच्या बाजूला बादलीत पाय सोडून बसली होती. तो तिच्याजवळ लाकडावर बसला.

"फाटक्या खुराचा पश्चिमेला आहे," तो म्हणाला. "पाणथळीपाशी. हिरव्यावर."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"ती घार उजवा पाय ओढत चालली होती," एनिड म्हणाली. "काठी टेकत. चिखलात बसली तिथं तंबाखू सांडलीय."

सायलसची मान खाली गेली. त्यानं विचारलं, "मग गेली का नाहीस?"

"कशी जाऊ? मी त्या म्हाताऱ्या माणसाच्या कपाळाला घाम लावलाय. बापाला हाक मारून सांगितलंय, हा माझा पाहुणा. आणि त्याला घेऊन चोरीच्या हिरव्यावर उभी राहू? बापानं विचारलं, ही आग कुणाची, तर काय सांगू? घारीची?"

"पाच दिवस तू तशीच..."

"पाच दिवस तुझ्या तोंडाकडे बघतेय. आता बोलेल, मग बोलेल. तू काय, चहात साखर ओततोस." तिनं एक पाय बादलीतून काढला. "गेबहार्ट रिकामा गेला असता सायलस. मी जाऊ दिला असता. आणि तुला जन्मात क्षमा केली नसती."

सायलस काठीच्या टोकानं माती उकरत राहिला.

"विचार आता," ती म्हणाली.

"काय?"

"जे विचारायचं होतं ते."

सायलसनं तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. त्यानं विचारलं, "एनिड, पश्चिमेचा तुकडा लावू का?"

तुकडा जळून तीन आठवडे होऊन गेले होते. त्यावर वीतभर गवत होतं आणि गवतात बैल चरत होता. एनिडनं आभाळाकडे बघितलं, वाऱ्याकडे तोंड फिरवलं, पायाशी पडलेली गवताची काडी उचलून मोडून बघितली.

"लाव," ती म्हणाली.

सकाळी ती गेबहार्टला घेऊन उजाडायच्या आत निघाली. नोएलची गाडी जाईल तिथवर गाडीनं, पुढे पायी. सायलस कणीक मळत बसला. ऊन चढलं तेव्हा पश्चिमेकडून एक आवाज आला. तो हात थांबवून ऐकत राहिला. दुसरा आला नाही. एकच गोळी, म्हणजे बैल उभ्या जागी पडला, म्हणजे हात खांद्याला अगदी वेळेवर लागला. त्याला बरं वाटलं, आणि त्याच वेळी एवढा जळफळाट झाला की पिठात हात तसेच ठेवून तो बाहेर येऊन उभा राहिला. तिथं तो असता तर? त्यालाही एकाच गोळीत जमलं असतं का?

संध्याकाळी जेवणघरासमोर शिंगं ठेवली होती आणि सगळे भोवती बसले होते. मांस वाटून झालं होतं. गेबहार्टच्या गालांवर रंग आला होता. तो सारखा शिंगांवरून हात फिरवत होता, लाकूड बघावं तसा. मग त्यानं तो प्रश्न विचारला. पाच दिवस काही नाही आणि सहाव्या दिवशी सरळ चालत तिथं नेलंस. एनिड, तुला कसं कळलं?

सायलसचा हात आपोआप टोपीकडे गेला. नोएलही ऐकायला वळला.

एनिड जिताड्याचे खवले काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सायलसनं सांगितलं."

मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तसं ती म्हणाली, आणि खवले काढत राहिली.

गेबहार्ट उठला, येऊन सायलसचा हात दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या भाषेत काहीतरी भडाभडा बोलला. नोएलनं शिट्टी वाजवली. सायलस उभा होता. हाच प्रश्न त्याला किती पाहुण्यांनी विचारला होता? वाकड्या शिंगाचा, तुटक्या शेपटीचा, पाणथळीचा, झऱ्याचा. गेबहार्टचे स्वतःचेच बारा. एकेक बैल त्याला आदल्या संध्याकाळच्या चहाबरोबर मिळालेला होता, आणि त्यानं प्रत्येक वेळी झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं होतं. हे त्याला आत्ता, इथं, गेबहार्टचे गरम हात हातात असताना कळलं. आणि पहिली जी गोष्ट त्याच्या मनात आली ती लाज नव्हती. हेवाच होता. दोन शब्द, तेही मासा साफ करता करता. इतकं सोपं असतं हे तिला!

आता तो बोलू शकत होता. सगळे त्याच्याकडेच बघत होते. गेबहार्ट, तुझे बाराही बैल हिनं सांगितलेले, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. एनिडचा सुरीचा हात थांबला. तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं, वाट बघत.

"चहा गार होतोय तुझा," सायलस गेबहार्टला म्हणाला.

एनिडनं मासा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूचे खवले काढायला लागली.